झोपूनही थकवा जात नाही

प्रश्न : मी पारनेर तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. मोबाइल वाजला की छातीत धडधडतं, झोपूनही थकवा जात नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बायकांचा थकवा ‘टेन्शन’ म्हणून उडवून लावला जातो, याची मला चीड येते.

सर्वेक्षण, लसीकरण, बाळंतपणासाठी अपरात्रीचे फोन. अशाने शरीर सतत सावध राहतं. श्वास सोडताना मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमुळे हृदयाची गती मंदावते. म्हणून चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. चक्कर आली तर थांबा. संध्याकाळचा चहा टाळा.

पण श्वासाने कामाचा बोजा उतरत नाही. गटप्रवर्तकांशी बोलून रात्रीचे फोन वाटून घ्या. जगणं नकोसं वाटलं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला, मध्यरात्रीही.