घरातील कचरा, ज्वलनवायू आणि ऊब

रायपूरच्या हिवाळ्यात पहाटे पारा कधी कधी १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री छत्तीसगढी घरात गोरसी पेटते. गोरसी म्हणजे मातीची लहान शेगडी. तीत गोवऱ्या, म्हणजे तिकडच्या बोलीतील ‘छेना’, जाळतात. बाळंतिणीच्या खोलीतही ती ठेवण्याची रीत आहे. परंतु दारे-खिडक्या बंद असल्यास निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो आणि झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. तेव्हा स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून मिळणारा ज्वलनवायू गोरसीची जागा घेऊ शकेल काय?

उष्टे अन्न, शिळा भात, भाज्यांची साले ही हवाबंद टाकीत पाण्यासह कुजली म्हणजे काही जीवाणू त्यांची आम्ले बनवितात व दुसरे त्या आम्लांपासून मिथेन निर्माण करतात. या वायूत मिथेन सुमारे ६० टक्के असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून असा वायू मिळविला गेला. पुढे १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे गोबरवायू यंत्र सिद्ध केले. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी मात्र वेगळा विचार मांडला. शेण म्हणजे जनावराने सत्त्व काढून घेतलेले अन्न. मग जीवाणूंना मूळ अन्नच का देऊ नये? घराच्या गच्चीवर मावणाऱ्या त्यांच्या संयंत्रासाठी त्यांच्या संस्थेस २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

आता हिशेब करू. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखाद्या कुटुंबाचा ओला कचरा रोज १ किलो धरला, तर त्यापासून सुमारे ९० लिटर वायू मिळेल. वीस लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास ४०० किलोकॅलरी लागतात. शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते हे धरता त्यासाठी १६० लिटर वायू हवा. म्हणजे दोन दिवसांच्या कचऱ्यात आंघोळीची एक बादली! याउलट १ किलोवॅटच्या विजेच्या हीटरइतकी ऊब रात्रभर, ८ तास, हवी असेल, तर सुमारे १५ किलो कचरा लागेल. एवढा कचरा कोणत्या घरात निघतो?

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. हे जीवाणू ३५ अंशांच्या सुमारास उत्तम काम करतात, २० अंशांखाली मंदावतात आणि १० अंशांखाली जवळजवळ थांबतात. म्हणून ऊब हवी तेव्हाच वायू कमी! रायपूरच्या मे महिन्यात टाकी भरभरून वायू देते, पण तेव्हा माठातील गार पाणीच सर्वांस प्रिय असते. डिसेंबरात टाकी उन्हात ठेवून तिच्याभोवती धानाचा पेंढा गुंडाळावा, कचरा कोमट पाण्यात कालवून घालावा. उत्पादन थोडे टिकते. अधिक वायूच्या लोभाने अधिक कचरा घातल्यास आम्ले वाढून वायूच बंद पडतो.

तात्पर्य, खोली तापविण्याचा मोह सोडून हा वायू चहा, भाजी व आंघोळीचे पाणी यांसाठी वापरावा. बंद खोलीत त्याची ज्योतही गोरसीइतकीच धोक्याची ठरू शकते. गळणाऱ्या वायूतील मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांपर्यंत मिसळला तर ठिणगीने स्फोट होतो. म्हणून टाकी उघड्यावर असावी, नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत आणि कुजक्या अंड्यासारखा वास येताच, विजेचे बटण न दाबता, प्रथम खिडकी उघडावी.