कळा सुरू झाल्या, आता दवाखान्यात कधी निघायचं?



आजचा पाठ परीक्षेसाठी कमी आणि घरासाठी जास्त आहे. आपल्या नांदेड-लातूरकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी ताई बाळंतपणाला येणार आणि एखाद्या रात्री तिला कळा सुरू होणार. त्या रात्री घरात फोन नीट लावता येणारे, कागद वाचता येणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. म्हणून मुलांनीही हा पाठ वाचायचा आहे. "बायकांचं आहे" म्हणून पुढे सरकायचं नाही.

तुमच्या आजीला विचारून बघा, तिची किती बाळंतपणं घरी सुईणीच्या हातून झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात १०० पैकी साधारण ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ९५ च्या जवळ गेला. म्हणजे दवाखान्यात जायचं की नाही, हा वाद बहुतेक घरांत संपला आहे. आता अडतं ते वेळेवर.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बाईंनी १९९४ मध्ये 'तीन उशीर' ही कल्पना मांडली. पहिला उशीर घरात ठरवायला, दुसरा वाटेत, तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला. माझ्या मते आपल्याकडे पहिल्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. सासरच्यांना फोन करू, दाजी आले की निघू, उजाडू द्या मग बघू. यात दोन-तीन तास सहज जातात आणि ज्या बाईला कळा येतात तिला कुणी विचारतच नाही.

खऱ्या कळा कशा ओळखायच्या?

शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होतं. या कच्च्या कळा. थोडं चाललं, पाणी प्यायलं, कुशीवर पडलं की त्या थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. कंबरेतून सुरू होऊन पोटाकडे येतात आणि घड्याळ लावल्यासारख्या परत परत येतात. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि कळ जास्त वेळ टिकते. चिकट, थोडा लालसर स्राव जातो. मोबाईलमध्ये कळ सुरू झाल्याची वेळ लिहीत जा. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, जवळपास मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली, तर निघायची वेळ झाली असं ढोबळमानाने मानतात.

पण हा हिशेब दवाखान्याजवळ राहणाऱ्यांचा. किनवट-माहूरकडून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर आहे. तिथल्या माणसाने पाच मिनिटांची वाट बघायची नाही, कळा नियमित झाल्या की हलायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही लवकर निघायचं, कारण ते बाळंतपण बहुधा भराभर होतं.

काही वेळा तर कळांचीही वाट बघायची नाही. पाणी गेलं, मग कळ असो वा नसो. अंगावरून रक्त जायला लागलं. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा सुजलाय किंवा झटका आला. बाळाची हालचाल कमी झाली. नववा महिना लागायच्या आधीच कळा आल्या. यातलं काहीही दिसलं की लगेच निघायचं. गेलेलं पाणी हिरवट असेल तर पोचल्याबरोबर सिस्टरला आधी तेच सांगा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. गावात कुणीतरी घरी येऊन "कळा वाढवायचं इंजेक्शन" देतो. बाळाचे ठोके आणि कळा यांच्यावर लक्ष ठेवायची सोय नसताना ते दिलं, तर बाळ गुदमरू शकतं, पिशवी फाटूही शकते. दवाखान्यातसुद्धा ते मोजून-मापून देतात.

गाडी, कागद आणि हक्क

१०२ ही गाडी गरोदर माता आणि लहान बाळांसाठी फुकट आहे. १०८ ही तातडीची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी वाडी-तांड्यापर्यंत येईलच असं नाही. गावातल्या एका जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. गाडीत बाईला डाव्या कुशीवर झोपवा.

माता व बाल संरक्षण कार्ड सोबत हवंच. ऊसतोडीला गेलेल्या बाईने तर ते कोपीत जपून ठेवावं, कारण परक्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला तिची माहिती त्या कार्डावरूनच मिळते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, गरज पडली तर सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी परत सोडणारी गाडी, हे सगळं त्यात मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. नाव माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याची पद्धत बदलते, हा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या उशिराबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. डॉक्टर, नर्स, औषधं पुरेशी ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे, तुमच्या ताईची नव्हे. पण म्हणून घरी बाळंतपण करणं हा उपाय नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काही तासांत जीव घेतो आणि तो घरात थांबवता येत नाही.

आपल्या हातात काय आहे? आधीचं सिझेरियन, जुळं, आडवं किंवा पायाळू बाळ, वाढलेला बीपी, रक्त फार कमी, यातलं काही असेल तर ऑपरेशन आणि रक्ताची सोय कुठे आहे हे आशाताईला आठव्या महिन्यातच विचारायचं आणि थेट तिथेच जायचं. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, अशा फेऱ्यांत रात्र जाते.

गृहपाठ : घरात किंवा शेजारी गरोदर बाई असेल, तर तिच्या कार्डाची पहिली बाजू वाचा. तारीख, रक्तगट आणि हिमोग्लोबिन वहीत उतरवा. त्याखाली आशाताईचा आणि जीपवाल्याचा नंबर लिहा. मग तिला विचारा, "रात्री कळा आल्या तर तुला कुठल्या दवाखान्यात जायचंय, आणि सोबत कोण पाहिजे?" ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा.