एका अंशात चाळीस मीटर

धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. पुढे अनेक ठिकाणी त्यावर फक्त व्हिडिओ चालले. सोनगीरसारख्या गावात तर किल्लाच डोळ्यांसमोर आहे. दहावीच्या त्रिकोणमितीतला 'उन्नत कोन' त्याच्यावरच शिकवावा.

साहित्य: कोनमापक, स्ट्रॉ, दोरा, वजनाला नट, मोजपट्टी, एक लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि शिक्षकाचा मोबाइल.

आदल्या दिवशी जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि वाय-फाय बंद करून चालवून बघा. ही पायरी चुकली तर तास गेलाच म्हणून समजा. वीज जाईल हे धरूनच बॅटरी पूर्ण भरा.

पहिला तास मैदानावर. कोनमापकाला स्ट्रॉ आणि नटाचा दोरा बांधा. मुलांनी स्ट्रॉमधून किल्ल्याचा माथा बघायचा, जोडीदाराने कोन वाचायचा. मग माथ्याच्या सरळ रेषेतच, सपाट जमिनीवरून मोजून मागे जायचं आणि पुन्हा कोन घ्यायचा. इथे संगणकाचं काही काम नाही. हात लागल्याशिवाय पडद्यावरचा त्रिकोण मुलांना आपला वाटत नाही.

दुसऱ्या तासाला जिओजेब्रात दोन्ही कोनांचे आणि अंतराचे स्लायडर करा. आकडे मुलांचेच टाका. नमुन्यादाखल २२° आणि १८°, मधलं अंतर ६० मीटर घेतलं, तर उंची साधारण १०० मीटर येते (डोळ्यांची उंची वेगळी मिळवायची). आता १८ चा स्लायडर १९ वर न्या. उंची एकदम १४० च्या घरात! ''किल्ला वाढी गया, सर!'' असं कोणीतरी ओरडेलच. तिथे थांबा. उत्तर सांगू नका. अंतर १५० मीटर केलं तर काय होईल, हे विचारा. त्या अंतरावर दुसरा कोन सुमारे १४.१° येतो, आणि तोही तसाच एक अंशाने वाढवला तरी उंची १२२ च्या आसपासच राहते. लांब जाऊन का मोजायचं, हे फळ्यावर पटवायला मला नेहमी जड गेलं आहे.

सगळ्या गटांची उत्तरं कॅल्क स्प्रेडशीटमध्ये भरून सरासरी काढा. एखादा आकडा फारच वेगळा दिसला तर खोडू नका, त्या गटाला कोन कसा वाचला ते दाखवायला सांगा. पडताळ्यासाठी गूगल अर्थमध्ये माथ्याची आणि मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची बघून वजाबाकी करा. त्यातली टोकं थोडी बोथट असतात, तेव्हा मीटरभरावरून वाद नको.

शेवटची दहा मिनिटं प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या अ‍ॅपला. मुलांच्या हातात छापील कार्डं, मोबाइल फक्त शिक्षकाकडे. प्रश्न दोनच, आणि त्यातला एक 'कोणता कोन चुकला तर जास्त फरक पडतो?' हा. इंटरनेट रुसलं तर बोटं वर करायला सांगा.

विज्ञानाला घनता शिकवताना मात्र जिओजेब्रा नको. तिथे फेटचं सिम्युलेशन दाखवा, आणि सोबत घरून आणलेला पितळी गडू; सोनगीरच्या घरात तो शोधावा लागत नाही.