झुबक्याखाली हात घाला

फ्रीजियन घोडी विकत घ्यायची असेल तर कागदपत्रांच्या आधी तिचे मागचे पाय तपासा. नुसते बघू नका. तिच्या बाजूला उभे राहा, एक हात तिच्या अंगावर ठेवा आणि दुसरा हात खुरावरच्या दाट केसांत पार कातडीपर्यंत घाला.

माझ्या घोडीच्या पायांवरचे झुबके विकणाऱ्याने धुऊन, विंचरून चमकवले होते. ती सारखा पाय आपटत होती. माशा त्रास देतात, असं तो म्हणाला. नेदरलँड्समध्ये ऐन जानेवारीत तबेल्यात माशा नसतात. केस कापले तेव्हा आत जाड झालेली कातडी, आडव्या वळ्या आणि टणक गाठी निघाल्या. खाज केसांत राहणाऱ्या बारीक किडींमुळे होती, त्यावर औषध आहे. पण पायांतल्या लसिकेचा निचराच बिघडला होता, आणि तो आजार बरा होत नाही. शायर, क्लाइड्सडेल, जिप्सी कॉब अशा झुबकेदार पायांच्या इतर जातींनाही तो होतो. केस आखूड ठेवायचे, पाय कोरडे ठेवायचे, रोज फिरवायचं, सूज उतरवत राहायचं. आजची माझी दिनचर्या हीच.

तिचे कागद मात्र अगदी खरे होते. फ्रीजियनची वंशनोंदणी १८७९ पासून चालत आली आहे. काळा रंग, कपाळावर फार तर लहानशी चांदणी, सुमारे १.६० मीटर उंची, गुडघे उचलून टाकलेली दुडकी चाल, लांब आयाळ आणि पायांवर भरपूर केस. परीक्षक पायांची ठेवण आणि चालही बारकाईने बघतात, पण घोडी साधारण तीन वर्षांची असताना. त्या वयात हा आजार दिसेलच असं नाही. ज्या केसांना मान मिळतो तेच केस दुखणं झाकतात, हे मला फार खुपतं.

शिंगरू हवं असेल तर आणखी एक चौकशी करा. १९१३ मध्ये या जातीचे पैदाशीचे तीनच जुने नर उरले होते. रक्त इतकं जवळचं, की खुजेपणा आणि डोक्यात पाणी साठणं हे आनुवंशिक दोष अजून निघतात. या दोन्ही दोषांच्या डीएनए चाचण्या होतात. नर-मादी दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक शिंगराला तो दोष होण्याची शक्यता चारात एक असते. नराचा निकाल बघून थांबू नका, आपल्या घोडीचीही चाचणी करा.

आणि प्रदर्शनाला न्यायची आहे म्हणून विकणारा केस कापू देत नसेल, तर तिची आई बघायला मागा. पायांचा आजार वयाबरोबर वाढत जातो. म्हाताऱ्या आईचे पाय तुम्हाला तरुण मुलीच्या पायांपेक्षा जास्त सांगतील.