चार पर्याय आणि एक शून्य

हा प्रश्न आधी वहीत उतरवून घ्या, मग पुढे वाचा.

या प्रश्नाला चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडलात, तर तो बरोबर येण्याची संभाव्यता किती? (अ) 25 टक्के (ब) 50 टक्के (क) 60 टक्के (ड) 25 टक्के.

पहिल्या झटक्यात तोंडात येतं 25. चारातला एक, म्हणजे पाव. पण 25 दोन जागी लिहिलंय! ते बरोबर असेल तर बोट त्यावर पडण्याची शक्यता निम्मी, म्हणजे 50. बरं, 50 धरू. ते एकाच जागी आहे, म्हणून शक्यता 25. पुन्हा घसरलो. 60 चंही तसंच.

इथे "विरोधाभास!" म्हणून वही मिटण्याचा मोह होतो. ती घाई आहे. एकही पर्याय बरोबर नसेल तर शक्यता शून्य, आणि शून्य यादीत नाहीच. अडलं कुठे? उत्तर 0, छापलेलं नाही इतकंच.

आता (क) मधले 60 खोडून तिथे 0 लिहा. 0 बरोबर मानलं, तर ते एका जागी आहे, शक्यता 25 होते, म्हणजे 0 चूक. सगळेच चूक मानले, तर शक्यता 0, आणि तो पर्याय तर समोरच आहे! ही खरी पंचाईत.

तीताला लिहिलेल्या पत्रात (1:12) क्रेतकरांपैकीच एकाने आपल्या लोकांना सदा लबाड म्हटल्याचा उल्लेख आहे. परंपरेने तो माणूस एपिमेनिदेस. पौलाला तिथे कोडं घालायचं नव्हतं, पण तर्कशास्त्राने ते उचललं. नीट पाहिलं तर ते सुटतं: त्याचं बोलणं खोटं, कुणीतरी क्रेतकर कधीतरी खरं बोलला असेल. "हे वाक्य खोटं आहे" मात्र कसंही फिरवा, सुटत नाही. ही जात मिलेतच्या युबुलिदेसच्या नावावर आहे. आपलं पहिलं कोडं एपिमेनिदेसचं, शून्यवालं युबुलिदेसचं. (आपल्याकडचा वदतो व्याघात, "मी मुका आहे" असं बोलणं, ह्यातला नव्हे. ते सरळ खोटं, विषय संपला.)

उलट गंमतही होते. पर्याय ठेवा 25, 50, 50, 10. 25 एकाच जागी, जुळतं. 50 दोन जागी, तेही जुळतं. दोन्ही एकदम बरोबर म्हणाल तर शक्यता 75, आणि ते यादीत नाही. एकही बरोबर नाही म्हणाल तर 0, तेही बिनतक्रार बसतं. निवडायचं कशावरून, हे प्रश्न सांगतच नाही.