लिनक्स सुरू होताना स्क्रीन काळी? फॉर्मॅट मारण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या काउंटरसाठी जुना कॉम्प्युटर लिनक्सवर कसा आणायचा ते पाहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि चांगल्या चालणाऱ्या कितीतरी मशीन अडगळीत जायला निघाल्या. त्यातल्या काहींवर आपल्यापैकी अनेकांनी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं. आता सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच: "सर, मशीन चालू होते, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच नाही."

आजचा धडा त्यावरच आहे. आधी माझी चूक सांगतो, कारण ती मला महागात पडणार होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी

दारव्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. दोर, झुली, घुंगरू, बेगड, सगळ्याला एकाच दिवशी गिऱ्हाईक. निम्मी विक्री उधारीवर, "सोयाबीन निघालं की देतो" या शब्दावर. ती सगळी उधारी माझ्या काउंटरच्या मशीनमध्ये होती. त्या सकाळी लाइट कमी-जास्त झाली आणि मॉनिटर गेला. मी माळ्यावरचा जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर काढून जोडला. कंपनीचा लोगो आला आणि नंतर फक्त एक चौकट: "आउट ऑफ रेंज".

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टम उडाली असेल, फॉर्मॅट मारावं लागेल." माझा शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. म्हणजे तीन आठवड्यांची उधारी गेली असती. कोणाकडे किती, हे मी कोणत्या तोंडानं विचारलं असतं?

सिस्टम उडालीच नव्हती. मॉनिटरला न झेपणारा मोड मशीन पाठवत होती, एवढंच.

मोड म्हणजे काय?

आपल्या शकुंतलेचं उदाहरण घ्या. तिचा रूळ अरुंद, २ फूट ६ इंचाचा. त्यावर ब्रॉडगेजचा डबा चालेल का? डबा चांगला, रूळही चांगला, पण माप जुळत नाही. डिस्प्लेचंही तसंच आहे. मोड म्हणजे चित्राचं माप (उदा. १०२४×७६८) आणि ते सेकंदाला किती वेळा काढायचं (साधारण ६० हर्ट्झ). मशीननं पाठवलेलं माप मॉनिटरला झेपलं नाही, की तो "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" म्हणतो.

मग मशीनला मॉनिटरचं माप कळतं कसं? जवळपास प्रत्येक मॉनिटरमध्ये किमान १२८ बाइटची छोटी माहिती असते, तिला ईडीआयडी म्हणतात. जुन्या निळ्या व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना ती माहिती मशीनपर्यंत नेतात. पिन वाकली, केबल हलकी असली किंवा मधे स्प्लिटर असला, तर माहिती पोहोचत नाही आणि मशीन अंदाजानं चालते. म्हणून पहिला नियम: आधी मॉनिटर चालू करा, मग मशीन.

पायरी १ : स्क्रीन नेमकी कधी जाते ते पाहा

• कंपनीचा लोगोही येत नाही: हा लिनक्सचा प्रश्न नाही. केबल, मॉनिटर, रॅम तपासा.

• लोगो येतो, मग "आउट ऑफ रेंज": मोड जुळत नाही. माझं हेच झालं होतं.

• "नो सुटेबल व्हिडिओ मोड फाउंड... बूटिंग इन ब्लाइंड मोड": हा निरोप ग्रबचा, म्हणजे लिनक्सला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. घाबरू नका, दोन मिनिटं थांबा. पुष्कळदा मागे लिनक्स सुरू होत असतं आणि डेस्कटॉप येतो.

• "अनडिफाइन्ड व्हिडिओ मोड नंबर": बूटच्या ओळीत "व्हीजीए=७९१" अशी जुन्या पद्धतीची सेटिंग आहे आणि तुमच्या ग्राफिक्सला तो नंबर माहीत नाही. स्पेसबार दाबा, मशीन पुढे जाईल. नंतर ती सेटिंग काढून टाका.

• अक्षरं सरसर जातात आणि लॉगिनच्या आधी काळं: बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरचा घोळ.

मशीन जिवंत आहे का हे बघायला कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन काम करते आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही.

पायरी २ : तात्पुरता मार्ग

१. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा. नव्या, यूईएफआय असलेल्या मशीनवर एस्केप दाबा. ग्रबचा मेनू येईल.

२. पहिल्या ओळीवर राहून इंग्रजी "ई" दाबा.

३. "लिनक्स" या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी "क्वाएट स्प्लॅश" असतं.

४. त्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहा. सगळी अक्षरं लहान लिपीत, एकच शब्द. बाकी काही खोडू नका.

५. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ १० दाबा.

याचा अर्थ लिनक्सला सांगितलं, की ग्राफिक्स ड्रायव्हरनं स्वतः मोड बदलू नये, साध्या मोडवर चालावं. हा बदल फक्त याच वेळेपुरता असतो. चुकलं तरी मशीन बंद करून पुन्हा चालू केली की सगळं जसंच्या तसं.

परवाच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर त्याच मेनूत "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडून बघा. अनेकदा तेवढ्यानंच काम होतं.

ग्रबचा मेनूच दिसत नसेल, तर शेजारच्या दुकानातून तासाभरासाठी दुसरा मॉनिटर मागून आणा. मी तेच केलं.

पायरी ३ : डेटा आधी, दुरुस्ती नंतर

स्क्रीन दिसली की पहिलं काम सेटिंग नाही. पहिलं काम म्हणजे बिलिंगचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करणं. काहीच दिसत नसेल, तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून कॉपी काढता येते. काळी स्क्रीन म्हणजे गेलेला डेटा नव्हे. हे वाक्य काउंटरवर चिकटवून ठेवा.

पायरी ४ : कायमची दुरुस्ती

"ईटीसी" फोल्डरमध्ये "डिफॉल्ट" फोल्डर, त्यात "ग्रब" नावाची फाईल. आधी तिची एक कॉपी करून ठेवा. मग ती अॅडमिनच्या अधिकारानं उघडा. इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, ते बघूनच लिहा.

• ग्रब अंडरस्कोर जीएफएक्समोड: समोरचं # चिन्ह काढा आणि १०२४×७६८ द्या. फाईलमध्ये आकडे इंग्रजी लिहायचे आणि मधे लहान लिपीतलं एक्स अक्षर टाकायचं. हे माप जवळपास सगळ्या मॉनिटरना चालतं.

• ब्लाइंड मोडचा निरोप येत असेल तर: "ग्रब अंडरस्कोर टर्मिनल" समोर कन्सोल लिहिलेल्या ओळीचं # काढा. मेनू साध्या अक्षरांत येईल, दिसायला साधा पण भरवशाचा.

• जुनी "व्हीजीए=" सेटिंग कुठं असेल तर तेवढीच काढा.

फाईल सेव्ह करा आणि टर्मिनलमध्ये "सुडो अपडेट-ग्रब" चालवा. उबुंटू, मिंट, डेबियन तिन्हींवर हेच. हे विसरलात तर फाईलमधला बदल लागू होत नाही. मग रीस्टार्ट.

आता माझी खरी चूक. कधीतरी मी नोमोडसेट याच फाईलमध्ये कायमचं लिहून टाकलं होतं आणि हौसेनं ग्रबचा मोड १९२०×१०८० केला होता. नोमोडसेट असल्यामुळे लिनक्सनं नव्या मॉनिटरचं माप विचारलंच नाही, ग्रबनं दिलेला मोडच शेवटपर्यंत धरून ठेवला. १७ इंची चौकोनी मॉनिटरला सहसा १२८०×१०२४ पर्यंतच झेपतं. दोन्ही ओळी सुधारल्या आणि पाच मिनिटांत बिलिंग सुरू झालं.

म्हणून नोमोडसेट हे दुखण्यावरची गोळी आहे, इलाज नाही. त्यावर मशीन संथ चालते, स्क्रीनचं माप बदलता येत नाही. इलाज ड्रायव्हरचा. एनव्हीडियाचं कार्ड असेल, तर मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर", उबुंटूमध्ये "अॅडिशनल ड्रायव्हर्स" उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, तिथं सिस्टम अपडेट करा. मग नोमोडसेट काढा.

या आठवड्याचं काम

१. मॉनिटरच्या मागचं लेबल बघून त्याचं माप वहीत लिहा.

२. ग्रबची फाईल आणि बिलिंगचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. डेटाची कॉपी रोज दुकान बंद करताना.

३. निवांत दिवशी एकदा ग्रबचा मेनू उघडून बघा, काही न बदलता बाहेर या. गर्दीच्या दिवशी पहिल्यांदा शिकू नका.

४. छापील बिलबुक काउंटरखाली ठेवा.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी बिलबुकावर लिहिलेली उधारी मशीनमध्ये चढवत बसलो होतो. लोक आपल्या शब्दावर माल नेतात आणि आपण त्यांच्या शब्दावर देतो. तो हिशोब सांभाळणं हे दुकानदाराचं काम आहे, दुरुस्तीवाल्याचं नाही.

तुमच्या स्क्रीनवर कोणता निरोप आला, त्याचा फोटो काढून ठेवा. निरोप नीट वाचला की निम्मं काम तिथंच होतं. भेटू पुढच्या धड्यात: बारकोड स्कॅनर आणि लिनक्स.