फळा नवा, हात तोच

चि. सोनूस,


शाळेत प्रोजेक्टर लागला, लॅपटॉप हाती आला आणि सातवीची भूमिती तुझ्या वाट्याला आली. कोणतं ॲप घ्यावं आणि पेन-टॅबलेट कोणता, हे तू विचारलंस. ॲप ओपनबोर्ड घे. टॅबलेटची घाई नको. पहिले काही दिवस माउसवर भागतं. त्याआधी मोफत ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमीचे सलमान खान कसे शिकवू लागले ते ऐक.

2004 साली बॉस्टनमध्ये नोकरी करणारे खान न्यू ऑर्लिन्सच्या नादिया या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवू लागले. तिचं घोडं एककांच्या रूपांतरापाशी अडलं होतं. साधनं दोनच: टेलिफोन आणि याहूची डूडल नावाची साधी डिजिटल पाटी. नोव्हेंबर 2006 पासून त्यांचे धडे यूट्यूबवर येऊ लागले. काळी पाटी, तिच्यावर उमटत जाणारं रंगीत अक्षर आणि बोलणारा आवाज. शिक्षकाचा चेहरा दिसतच नाही. त्या धड्यांत पुढची पायरी कशी सुचत जाते ते मुलांना बघायला मिळतं. तयार स्लाइडवर सिद्धता एका क्षणात पूर्ण येते आणि मुलं ती नुसती उतरवून घेतात. म्हणून नव्या साधनावरही शिक्षकाने मुलांच्या डोळ्यांदेखत लिहावं, खोडावं, पुन्हा लिहावं. बाकीचं सगळं यानंतर.

ओपनबोर्ड मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतं. त्याचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात आहे. तिथल्या प्राध्यापकांसाठी बनलेली ही पाटी पुढे जिनिव्हाच्या शिक्षण खात्याने वाढवली. वर्ग चालवणाऱ्या माणसांसाठी ती घडली हे जागोजागी जाणवतं. एकदा उतरवून घेतलं की रोजच्या कामाला इंटरनेट लागत नाही; ज्या वर्गात रेंज जाते-येते तिथे याचं मोल मोठं.

पहिल्या दिवशी सगळी बटणं दाबून बघण्याचा मोह आवर. पेन, खोडरबर, नवं पान आणि कंट्रोल-झेड एवढ्यावर अख्खा तास निभतो. मग पार्श्वभूमीला चौकटी आण. मग ॲपमधली मोजपट्टी, कोनमापक आणि कंपास काढ. लंबदुभाजकाची रचना यावर करून बघ: रेषाखंड आखायचा, निम्म्याहून जास्त अंतर कंपासमध्ये घ्यायचं, दोन्ही टोकांवरून वरखाली कंस मारायचे आणि ते छेदतात ते बिंदू जोडायचे. लाकडी कंपासचा खडू घसरला की मागच्या बाकावरून कंस कुठे छेदले ते कळत नाही. इथे तो छेदनबिंदू मोठा करून दाखवता येतो. मात्र अंतर निम्म्याहून कमी घेतलं तर काय होतं, तेही मुद्दाम काढून दाखव. कंस एकमेकांना भेटतच नाहीत हे पाहिल्यावर मुलं कारण विचारतात, आणि त्या दिवशीचा खरा धडा तिथून सुरू होतो. तसंच पुढची पायरी पडद्याआड झाकून ठेवण्याची सोय ॲपमध्ये आहे. ती उघडण्याआधी वर्गाला अंदाज करायला लाव.

पुढे पेन-टॅबलेट आला की नवी अडचण येईल. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, ही सवय लागायला वेळ जातो. देवनागरीत शिरोरेखा आधी सुटते: अक्षरं एका पातळीवर येत नाहीत आणि रेघ त्यांना कापत जाते. चौकटींच्या पार्श्वभूमीवर अक्षरं आधी, रेघ शेवटी असा सराव कर. टॅबलेटचा आणि पडद्याचा लांबी-रुंदीचा मेळ बसला नसेल तर काढलेलं वर्तुळ लंबगोल दिसतं. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये प्रमाण जुळवून घे. टंकलेखन करायचं तर विंडोजमध्ये मराठी कळफलक जोडून घे. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

खान यांची काळी पाटी घरच्या स्क्रीनवर छान दिसते. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात प्रोजेक्टरचा काळा रंग करडा पडतो. तिथे पांढरी पार्श्वभूमी आणि जाड, गडद रेघ. वर्ग भरण्याआधी शेवटच्या बाकावर बसून एकदा वाचून बघ. विंडोजची कळ आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं की बटणं तुझ्या लॅपटॉपवर राहतात आणि मुलांसमोर स्वच्छ पान दिसतं. हे मुलांसमोर पहिल्यांदा करू नये. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात जुळवून घे.

आणि काम जपण्याबद्दल. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फलक जगभरच्या शिक्षकांनी वापरला. तो 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाला. कंपन्यांची साधनं येतात आणि जातात, शिक्षकाची टिपणं मात्र वर्षानुवर्षं लागतात. ओपनबोर्डची स्वतःची फाइल दुसऱ्या ॲपमध्ये सहज उघडत नाही, म्हणून तास संपला की पानांची पीडीएफ करायची. नावात इयत्ता, प्रकरण आणि तारीख असू दे. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाला कोणाची वही मागत फिरावं लागणार नाही, आणि पुढच्या वर्षी हेच प्रकरण शिकवताना ही पानं तुझ्या हाताशी असतील.

तुझी,
आत्या